देखरेखीचं पत्र

"काकू, नकाशा तर झाला," वैजयंती म्हणाली. "आता तुम्ही ठरवायचं. बांधकामावर देखरेख माझी हवी का नको?"

शहाण्णव सालचा सप्टेंबर होता. वैजयंती मूळची पुण्याची आर्किटेक्ट, वय चौतीस. दक्षिण दिल्लीत एका बंगल्याच्या गॅरेजात तिनं ऑफिस थाटलं होतं. तिच्यासमोर बसले होते कुमुद आणि बळवंत पाटणकर. कुमुद शाळेत गणित शिकवायची. बळवंत एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होता आणि त्याच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. निवृत्त झाल्यावर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. गुडगावच्या एका सेक्टरमध्ये बारा वर्षांपूर्वी सोडतीत कुमुदच्या नावानं प्लॉट लागला होता. तेव्हा तिथं मोहरीची शेतं होती आणि दुपारीही कोल्हे दिसायचे. आता मोठ्या रस्त्यापलीकडे काचेची ऑफिसं उभी राहत होती आणि जो तो घाईघाईनं घर बांधत होता.

"देखरेख म्हणजे नेमकं काय?" बळवंतनं विचारलं.

"पाया भरायच्या आधी मी बघणार. सळया बांधून झाल्या की मोजणार. स्लॅब घालायच्या दिवशी स्वतः उभी राहणार. आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढचं काम होणार नाही. ठेकेदारांना हे आवडत नाही, काका. कधीकधी मालकांनाही आवडत नाही."

बळवंत हसला. "म्हणजे घर माझं आणि परवानगी तुमची."

"हो," वैजयंती म्हणाली. ती हसली नाही.

परतताना बसमध्ये बळवंत खिडकीपाशी बसला. सरोजिनी नगर जवळ आल्यावर तो म्हणाला, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, कुमुद. स्वतःच्या हातानं काही उभं केलं नाही. हे एक तरी मला करू दे."

कुमुदला वैजयंतीचं म्हणणं पटलं होतं, पण नवऱ्याच्या या वाक्यापुढं तिला ते बोलता आलं नाही.

निर्णयाला शेवटचा धक्का दिला अण्णासाहेबांनी. महाराष्ट्र मंडळातले हे जुने स्नेही पाच वर्षांपूर्वीच गुडगावात घर बांधून राहायला गेले होते. "बळवंतराव, आर्किटेक्टकडून नकाशा घ्यायचा, पास करून आणायचा आणि नमस्कार करायचा," ते म्हणाले. "माझं घर धरमपालनं बांधलं. पाच वर्षांत एक तडा दाखवा. त्या मुलीला सिमेंटचं काय कळतं? तिला कळतात खिडक्या आणि रंग."

देखरेख वैजयंतीला न देता बळवंतनं काम धरमपालला दिलं. हा ठेकेदार तिथल्याच गावचा. पन्नाशीचा, बुटका, अंगावर कायम स्वच्छ पांढरा कुर्ता. पहिल्या भेटीलाच तो घरच्या म्हशीचं तूप घेऊन आला. आवाज कधी चढवायचा नाही. बळवंतला 'बाऊजी' म्हणायचा आणि वाक्य संपलं की हात जोडायचा. नकाशा त्यानं दोन मिनिटं पाहिला, गुंडाळला आणि काखेत मारला. त्यानंतर तो नकाशा प्लॉटवर कुणी उघडलेला कुमुदला दिसला नाही.

"पाया म्हणजे नींव ना, आई?" सुखदानं विचारलं. पाटणकरांची ही एकुलती मुलगी एका परदेशी बँकेत नुकतीच लागली होती आणि दिल्लीत वाढल्यामुळं तिचे असे शब्द अडायचे. "मला बघायची आहे. कधी भरणार?"

"पुढच्या रविवारी," बळवंत म्हणाला.

रविवारी तिघं प्लॉटवर गेले तेव्हा पाया भरून, वर माती लोटून सपाट झालेला होता. धरमपाल म्हणाला, "मुहूर्त शुक्र का अच्छा था, बाऊजी." बळवंतनं मान डोलावली. कुमुद त्या सपाट मातीकडे पाहत उभी राहिली. आत काय आहे ते आता कुणालाच दिसणार नव्हतं.

भिंती भराभर वर आल्या. बळवंत रजा टाकून जायचा, डोक्याला मफलर गुंडाळून विटांच्या थप्पीवर बसायचा आणि संध्याकाळी धुळीनं माखून, खूश होऊन परतायचा. प्लॉटवर हरकेश नावाचा एक चौकीदार आणि त्याची बायको फूलवती राहायची. दोघं बुंदेलखंडातून आलेले, तिशीच्या आतले. दिवसा तेही मजुरीच करायचे. खोल्यांना आकार आला तसा त्यांनी आपली चूल आणि गोधड्या मागच्या खोलीत हलवल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब घालायचं ठरलं. आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून कुमुद एकटीच प्लॉटवर गेली. शिडीवरून वर चढली. सळयांची जाळी बांधून तयार होती. नकाशात दोन सळयांमधलं अंतर पाच इंच लिहिलेलं तिच्या लक्षात होतं, कारण आकडे तिच्या लक्षात राहतात. तिनं वाकून हात पसरला. अंगठा एका सळईवर ठेवला तर करंगळी दुसरीला जेमतेम पोचली. तिनं चार ठिकाणी पाहिलं. चारही ठिकाणी पुरी वीत.

त्या संध्याकाळी तिनं बळवंतला सांगितलं. बळवंतनं शेजाऱ्यांच्या फोनवरून धरमपालला विचारलं आणि परत येऊन म्हणाला, "तो म्हणतो, कागदावर आर्किटेक्ट लोक पाचच लिहितात, अंगाशी यायला नको म्हणून. एवढं लोखंड पुलाला लागतं, घराला नाही."

"आणि तुम्हाला पटलं?"

"अण्णासाहेबांचं घर उभं आहे ना, कुमुद?"

गुरुवारी स्लॅब घालून झाला. बळवंतनं मजुरांना बुंदीचे लाडू वाटले.

पुढच्या आठवड्यात थंडी कडक झाली. दिल्लीवर सकाळी दहापर्यंत धुकं बसून राहायचं, विमानं उतरायची नाहीत. शुक्रवारी सकाळी जेवताना बळवंत सहज म्हणाला, "उद्या स्लॅबखालचे टेकू काढतोय. धरमपालला हे शटरिंगचं लाकूड दुसऱ्या साइटवर हवंय."

"आठच दिवस झाले," कुमुद म्हणाली.

"आठ पुरतात म्हणतो."

दुपारी शाळेतून ती थेट वैजयंतीच्या ऑफिसात गेली आणि सगळं सांगितलं, वितीचंही. वैजयंतीनं ऐकताना एकदाही मध्ये विचारलं नाही. शेवटी तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"काकू, मला त्या साइटवर पाऊल टाकायचाही हक्क नाही. ठेकेदारानं हाकललं तर तो बरोबर ठरेल. तुम्ही मला नेमलेलं नाही."

"प्लॉट माझ्या नावावर आहे," कुमुद म्हणाली. "मी आत्ता नेमते. कागद दे."

"काकांना सांगितलंय?"

"सांगेन."

तिनं तिथंच बसून इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहिलं. प्लॉटची मालक या नात्यानं आजपासून बांधकामाची देखरेख मी वैजयंतीकडे सोपवत आहे. खाली सही, तारीख. वैजयंतीनं त्याच्या दोन प्रती काढून आणल्या. रात्री घरी हा विषय काढायचं कुमुदनं तीनदा ठरवलं, पण बळवंत सुखदाला घराच्या गच्चीबद्दल सांगत होता, आणि तिला जमलं नाही.

शनिवारी सकाळी त्या दोघी प्लॉटवर पोचल्या तेव्हा धुक्यात घराचा फक्त खालचा भाग दिसत होता. बळवंत आधीच आलेला होता. दोन मजूर टेकूंपाशी घण घेऊन उभे होते. वैजयंतीला पाहून बळवंतचा चेहरा बदलला.

वैजयंती आत गेली. पाटणकरांच्या होऊ घातलेल्या हॉलमध्ये लाकडी टेकूंचं रान होतं. तिनं शिडीवर चढून पर्समधून किल्ली काढली आणि स्लॅबच्या कडेला ओरखडा काढला. वाळू झरझर तिच्या बाहीत पडली. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी तेच.

"काका, थंडीत सिमेंटला ताकद धरायला जास्त दिवस लागतात. हा अजून कच्चा आहे. किमान पंधरा दिवस एकही टेकू हलवू नका. सळया किती आहेत ते नंतर फोडून बघावं लागेल. आणि वर काहीही वजन ठेवायचं नाही."

"तुम्हाला कुणी बोलावलं?" बळवंतनं विचारलं.

कुमुदनं पत्र पुढं केलं. बळवंतनं ते वाचलं, मग सहीवर नजर खिळवून उभा राहिला. "हे कधी लिहिलंस?"

"काल."

"काल मी तुझ्यासमोर बसून जेवलो."

त्याचा आवाज इतका हळू होता की कुमुदला त्यापेक्षा त्यानं ओरडलेलं चाललं असतं. धरमपालनं पुढं होऊन ते पत्र बळवंतच्या हातातून अलगद घेतलं, उलटसुलट पाहिलं, घडी घालून कुर्त्याच्या खिशात ठेवलं. "मैं तो बाऊजी का आदमी हूँ," तो म्हणाला आणि हात जोडले. "बाऊजी कहें तो खोलूँ, ना कहें तो ना खोलूँ."

वैजयंतीनं एका कागदावर टेकू काढू नयेत असं लिहिलं आणि बळवंतपुढं सहीसाठी धरलं. बळवंतनं कागद घेतला नाही. तो चालत हॉलच्या मध्यभागी गेला, स्लॅबच्या बरोबर खाली उभा राहिला.

"खोलो," तो म्हणाला. "मी इथं उभा आहे."

"अहो, बाहेर या," कुमुद म्हणाली.

तो हलला नाही. मजुरांनी धरमपालकडे पाहिलं, धरमपालनं मान हलवली. घणाचा पहिला ठोका पडला, एक टेकू आडवा झाला. मग दुसरा. प्रत्येक ठोक्याला वरून थोडी धूळ पडायची आणि बळवंतच्या मफलरवर बसायची. कुमुद दाराच्या चौकटीत उभी होती. तिला आत जायचं होतं. वैजयंतीनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. वीस मिनिटांत हॉल रिकामा झाला. स्लॅब जिथल्या तिथं होता.

बळवंतनं वर हात केला, पण तो पोचला नाही. मग त्यानं खांद्यावरची धूळ झटकली. "झालं समाधान?"

"आज पडला नाही," वैजयंती म्हणाली, "एवढंच कळलं." तिनं आपला कागद पर्समध्ये ठेवला आणि ती निघाली.

कुमुद मागच्या खोलीत गेली. फूलवती पीठ मळत होती. "तुम लोग आज ही बाहर टीन के नीचे जाओ," कुमुद म्हणाली. "यहाँ नहीं रहना. मालकिन मैं हूँ, मैं कह रही हूँ." फूलवतीनं नवऱ्याकडे पाहिलं. हरकेश म्हणाला, बाहेर थंडी फार आहे. पण कुमुद तिथून हलेना, म्हणून त्यांनी गोधड्या आणि भांडी बाहेरच्या पत्र्याखाली न्यायला उचलली. ती सगळी बाहेर जाईपर्यंत कुमुद तिथंच उभी राहिली.

सोमवारी धरमपालनं वरच्या मजल्यासाठी विटा चढवायला घेतल्या. मंगळवारी दुपारपर्यंत स्लॅबवर दीड ट्रक विटा रचून झाल्या होत्या. दुपारी मजूर उन्हात भाकऱ्या खायला बसले. हरकेशला पाण्याचा पाइप मागच्या खोलीतून आणायचा होता, म्हणून तो आत गेला. फूलवती म्हणते, आधी विटा घसरल्याचा आवाज आला, मग दुसरा कसलाच आवाज आला नाही, फक्त धुळीनं सगळं पांढरं झालं.

कोसळलेल्या स्लॅबखालून हरकेशला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. तो जागीच गेला होता.

धरमपाल त्या रात्रीच गावातून नाहीसा झाला, पण ठाण्यावर त्याचा वकील दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होता. दुपारी पाटणकरांना निरोप आला: गुरुवारी अकराला ठाण्यात या. आणि त्याच संध्याकाळी अण्णासाहेब सरोजिनी नगरला आले. चहा त्यांनी घेतला नाही.

"बळवंतराव, मी चौकशी केली," ते म्हणाले. "ते पत्र पोलिसांकडे आहे. शुक्रवारपासून देखरेख त्या आर्किटेक्ट मुलीची. तुम्ही गप्प बसा, एवढंच करायचं. जबाबदारी तिची ठरते. वहिनींची नाही, तुमची नाही. धरमपालची तर मुळीच नाही, तो हुकमाचा ताबेदार."

"पण तिनं नको म्हटलं होतं," कुमुद म्हणाली.

"लेखी आहे? तुमच्यापैकी कुणाची सही आहे त्यावर?"

अण्णासाहेब उठले. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावरून सुटत नव्हता, हे कुमुदनं खिडकीतून पाहिलं. त्यांनाही आता त्याच धरमपालनं बांधलेल्या घरात परत जायचं होतं.

सुखदा आपल्या खोलीत जाऊन बसली. कुमुद बळवंतसमोर स्टुलावर बसली. मंगळवारपासून तो धड जेवला नव्हता, दाढी केली नव्हती.

"उद्या मी खरं तेच सांगणार आहे," ती म्हणाली. "पण माझं कोण ऐकेल? पत्र मी दिलं, मग मी तिचीच बाजू घेणार असं म्हणतील. तुम्ही सांगितलंत तरच ती वाचेल."

"आणि माझं काय होईल ते ठाऊक आहे तुला?"

"आहे."

"निवृत्तीला अकरा महिने राहिलेत."

"तेही ठाऊक आहे."

त्यानं तळवे एकमेकांवर चोळले. मग म्हणाला, "मी तिथं उभा होतो तेव्हा मला भीती वाटत होती, कुमुद. पहिला टेकू पडला तेव्हाच कळलं होतं मला. वर काहीतरी करकरलं. मला ते ऐकू आलं. मी बाहेर आलो नाही, कारण तुम्ही दोघी बघत होता."

कुमुदनं उठून त्याच्या दाढीसाठी पाणी तापत ठेवलं.

ठाण्यातल्या टेबलावर पेपरवेटखाली तिचं पत्र होतं. चार घड्यांच्या रेषा आणि कुर्त्याच्या खिशातला तुपकट डाग. वैजयंती भिंतीशी लाकडी बाकावर बसली होती. शेजारी तिचे वडील, रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलेले. तिनं पाटणकरांकडे पाहिलं नाही.

इन्स्पेक्टरनं बळवंतला खुर्ची दिली. "आप तो गवर्नमेंट सर्वेंट हैं, आपको ज़्यादा तकलीफ़ नहीं देंगे. बस इतना बता दीजिए, मौके की इंचार्ज यही मैडम थीं?"

कुमुदला पंख्याच्या पात्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. बळवंतनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लिखिए," तो म्हणाला. "इन्होंने मना किया था. मेरे सामने, काग़ज़ पर लिखकर. मैंने दस्तख़त नहीं किए. टेक मैंने खुलवाई. ठेकेदार ने मुझसे पूछा, मैंने कहा, खोलो."

इन्स्पेक्टरनं पेन थांबवलं. "सोच लीजिए, पाटणकर साहब."

"सोच लिया. लिखिए."

वैजयंतीला तासाभरात जाऊ दिलं. जाताना ती कुमुदपाशी क्षणभर थांबली, मग वडिलांच्या मागोमाग बाहेर पडली. बळवंतला त्या दिवशी अटक झाली. चौथ्या दिवशी जामीन मिळाला, तोवर ऑफिसातून निलंबनाचं पत्र घरी आलेलं होतं. निवृत्तीचा दिवस निलंबनातच उजाडला. कुणी हार घातला नाही. क्वार्टर सोडून ते दिल्लीतल्याच द्वारका भागात एका नव्या सोसायटीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेले. प्लॉट कुमुदनं विकला आणि त्यातला मोठा वाटा फूलवतीच्या नावानं बँकेत ठेवला.

खटला सात वर्षं चालला. धरमपाल प्रत्येक तारखेला पांढऱ्या कुर्त्यात यायचा आणि बळवंतला हात जोडायचा. या सात वर्षांत त्यानं त्याच सेक्टरमध्ये आणखी घरं बांधली. ती किती, ते कुमुदनं विचारलं नाही. फूलवतीही यायची, कुठल्या ना कुठल्या साइटवरून, अंगावर सिमेंट तसंच. बँकेतल्या व्याजावर तिनं दीर आणि सासूला गावी पोसलं, स्वतः विटा वाहत राहिली. निकालाच्या दिवशी मात्र ती आली नाही. कोर्टानं धरमपालला दोन वर्षं आणि बळवंतला सहा महिने सुनावले. दोघांनीही अपील केलं. बळवंतचं अपील सुनावणीला यायच्या आत हृदयविकारानं तो गेला.

तेराव्यानंतर कुमुद फूलवतीला शोधायला निघाली. निकाल तिला कुणी कळवला असेल असं वाटत नव्हतं, आणि तो आपल्याच तोंडून कळावा असं कुमुदला वाटत होतं. ती आता निवृत्त झाली होती, दिवस मोकळा होता. गुडगावात सेक्टर बारापासून बावीसपर्यंत सगळीकडे खड्डे, क्रेन आणि हिरव्या जाळ्या. प्रत्येक गेटवर ती नाव विचारायची. चौकीदार म्हणायचे, फूलवत्या पुष्कळ आहेत.

चौथ्या दिवशी एका होऊ घातलेल्या बारा मजली इमारतीच्या तळाशी ती सापडली. केस धुळीनं पांढरे झाले होते, पण चाल तीच. डोक्यावर आठ विटा. कुमुदनं फाटकापाशी उभं राहून तिला हाक मारली. फूलवती थांबली. तिनं ओळखलं.

"बाऊजी गेले," कुमुद हिंदीत म्हणाली. मग निकाल सांगितला. फूलवतीनं मान एका बाजूला कलवून ऐकलं, डोक्यावरच्या विटा हलू न देता.

तिच्या मागं पहिल्या मजल्याचा स्लॅब होता, ओलसर काळा. खाली लोखंडी टेकूंच्या रांगा आणि त्यांतून ये-जा करणाऱ्या बायका. एका कोपऱ्यात दोन मजूर टेकू सैल करत होते.

"ये स्लैब कब पड़ा?" कुमुदनं विचारलं. "कितने दिन हुए?"

"पता नहीं, मैडम."

"फूलवती, बाहर आओ. थोड़ी देर मेरे पास बैठो."

फूलवतीनं आत पाहिलं. मुकादमानं तिच्याकडे बघून शिट्टी वाजवली.

"अभी छुट्टी नहीं हुई," ती म्हणाली, आणि वळून स्लॅबखाली निघून गेली.